राष्ट्रपतींची निवडणूक आणि घटनेचा अर्थ

आपल्या गावात मजुरीवाढीचा करार होतो, तेव्हा यंत्रमागधारक आणि कामगार समोरासमोर बसतात. कागद एकच असतो. सह्या दोन्ही बाजूंच्या असतात. तरीही पुढची दिवाळी येते न येते, तोच त्या कागदातील एखाद्या ओळीवरून वाद उभा राहतो. मालक म्हणतो, ओळीचा अर्थ असा. कामगार म्हणतो, तसा नव्हेच. कागद खोटा नसतो, आणि वाचणारेही सगळेच खोटे नसतात. प्रत्येक जण आपल्या बाजूने उभा राहून वाचीत असतो, इतकेच.

देशाची राज्यघटना हाही एक करारच आहे. तो चाळीस कोटींच्याही आतल्या भारताने १९४९ साली केला आणि आज त्याच्या किती तरी पट लोक त्याखाली नांदत आहेत. त्यातील ओळींवरून वाद होणे स्वाभाविक आहे. परंतु काही वेळा हे वाद न्यायालयाच्या दालनातून बाहेर पडतात आणि थेट राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरतात. मग घटनेचा अर्थ हा पंडितांचा विषय राहत नाही. तो पक्षांचा विषय होतो, मतांच्या बेरजेचा विषय होतो. असे झाले म्हणजे घटना दुबळी होते की बळकट, हा प्रश्न आम्ही येथे इतिहासाच्या आधाराने तपासणार आहोत. त्यासाठी मुख्यतः दोन वर्षे पाहावयाची आहेत: १९६७ आणि १९७७.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. राष्ट्रपतींना आपण प्रत्यक्ष निवडीत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून त्यांना निवडतात. आमदाराच्या मताचे मोल त्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागावयाचे आणि आलेल्या आकड्याला पुन्हा एक हजाराने. १९७१ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी चार लाखांच्या घरात होती आणि आमदार २८८. म्हणून २०२२ च्या निवडणुकीतही महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराचे मत १७५ धरले गेले. इचलकरंजीच्या आमदाराचेही तितकेच. तेव्हा ही निवडणूक दिल्लीत होते आणि आपला तिच्याशी संबंध नाही, असे कोणी म्हणू नये. आपण विधानसभेला मत देतो त्याच क्षणी राष्ट्रपतीच्या निवडणुकीतही एक बारीकसा धागा घालतो.

घटना समितीत ही पद्धत सर्वांनाच पसंत नव्हती. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांचा आग्रह होता की राष्ट्रपती प्रौढ मतदारांनी थेट निवडावा. त्यांची सूचना मान्य झाली नाही. कारण उघड होते. जो माणूस साऱ्या देशाच्या मतांवर निवडून येईल, तो नामधारी राहणार नाही. तो पंतप्रधानाशी बरोबरी करू लागेल. १९५२ साली शहा स्वतःच राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. ज्या पद्धतीला त्यांनी विरोध केला होता त्याच पद्धतीने त्यांचा पराभव झाला: डॉ. राजेंद्रप्रसादांना ५,०७,४०० मते आणि शहांना ९२,८२७. १९५७ साली तर राजेंद्रबाबूंच्या दोन प्रतिस्पर्ध्यांची मते मिळून पाच हजारही भरली नाहीत.

तरीही १९५७ ची निवडणूक अगदीच निर्विवाद झाली नाही, आणि तो वाद उभा करणारा गृहस्थ आपलाच होता. डॉ. नारायण भास्कर खरे हे नागपूरचे पुढारी, १९३७ साली मध्यप्रांत व वऱ्हाडचे मुख्यमंत्री झालेले, पुढे काँग्रेसशी फाटल्यावर हिंदुमहासभेत गेलेले. त्या वर्षी हिमाचल प्रदेश आणि पंजाब येथील काही मतदारसंघांतील निवडणुका पुऱ्या व्हावयाच्या होत्या. मतदारमंडळच जर अपुरे आहे, तर राष्ट्रपतीची निवडणूक घेता येईल काय, असा प्रश्न घेऊन डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की, घटनेच्या ७१ व्या कलमाप्रमाणे असा वाद निवडणूक पार पडल्यावरच ऐकता येईल. डॉक्टरांची दाद लागली नाही. परंतु त्यांनी दाखविलेले छिद्र खरे होते, हे सरकारलाही उमगले असावे. १९६१ साली अकरावी घटनादुरुस्ती झाली आणि मतदारमंडळात काही जागा रिकाम्या आहेत एवढ्या कारणावरून राष्ट्रपतीच्या निवडणुकीला हरकत घेता येणार नाही, असे घटनेत स्पष्ट लिहिले गेले. हरलेल्या माणसाच्या तक्रारीने घटनेत भर पडावी, याचे हे पहिले उदाहरण नव्हे आणि शेवटचेही नव्हे.

दुसरा प्रश्न अधिक खोल होता. राष्ट्रपतीचे अधिकार नक्की किती? घटनेचे ५३ वे कलम म्हणते की संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतीच्या ठायी आहे. ७४ वे कलम म्हणते की त्याला साह्य आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल. परंतु तो सल्ला त्याने मानलाच पाहिजे, असे मूळ घटनेत शब्दांनी लिहिलेले नव्हते. ते इंग्लंडच्या रूढीवरून गृहीत धरलेले होते. २८ नोव्हेंबर १९६० रोजी राजेंद्रप्रसादांनी दिल्लीत विधिसंस्थेच्या इमारतीच्या समारंभात बोलताना हाच विषय काढला आणि राष्ट्रपतीचे अधिकार हे इंग्लंडच्या राजासारखेच आहेत काय, याचा अभ्यास विद्वानांनी करावा असे सुचविले. एका पक्षाचेच राज्य सर्वत्र होते तोवर हा प्रश्न अभ्यासिकेत राहिला. १९६७ साली तो रस्त्यावर आला.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत चौथी सार्वत्रिक निवडणूक झाली. लोकसभेच्या ५२० जागांपैकी काँग्रेसला २८३ मिळाल्या. बहुमत टिकले, पण काठावर आले. आठ राज्यांत तर बहुमत हुकलेच. आपल्या महाराष्ट्रात वसंतराव नाईकांचे सरकार कायम राहिले. म्हणून कदाचित त्या काळच्या खळबळीची झळ आपणांस कमी लागली. राजस्थानात मात्र १८४ पैकी ८९ जागा मिळालेल्या काँग्रेसला राज्यपालांनी सरकार बनविण्यास बोलाविले. विरोधकांनी आपले बहुमत असल्याचे सांगितले, जयपुरात दंगल उसळली, आणि १३ मार्चला राष्ट्रपती राजवट आली. २६ एप्रिलला ती उठली तेव्हा मुख्यमंत्रिपदी काँग्रेसचेच मोहनलाल सुखाडिया बसले. विरोधी पक्षांनी यावरून एकच धडा घेतला. दिल्लीत एका पक्षाचे सरकार आणि राज्याराज्यांत दुसऱ्यांची सरकारे असे चित्र असताना राष्ट्रपती जर दिल्लीतील सरकारचाच माणूस असेल, तर राज्यांना त्राता कोण?

याच सुमारास सर्वोच्च न्यायालयात एक निकाल लागला. जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाकडे पाचशे एकरांहून अधिक जमीन होती. पंजाबच्या कायद्याप्रमाणे प्रत्येकाला तीस एकर ठेवता येत होते. बाकीची वरकड ठरली. कुटुंबाने तो कायदा आणि त्याला संरक्षण देणाऱ्या घटनादुरुस्त्या यांनाच आव्हान दिले. प्रश्न असा होता: मूलभूत हक्क कमी करणारा कायदा करू नये, असे १३ वे कलम सांगते, ३६८ वे कलम घटना दुरुस्त करण्याची रीत सांगते, मग घटनादुरुस्ती हाही एक ‘कायदा’च नव्हे काय? तसे असेल तर संसदेला मूलभूत हक्कांना हात लावताच येणार नाही. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी, मतदान संपून आठवडा होतो न होतो तोच, अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध पाच मतांनी निकाल दिला की, होय, येणार नाही. बहुमताचे मुख्य निकालपत्र सरन्यायाधीश कोका सुब्बाराव यांचे होते.

हा निकाल दिल्लीत लागला तरी त्याचा संबंध आपल्या पंचगंगेकाठच्या शेतांशी होता. मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदा पहिल्या घटनादुरुस्तीने नवव्या परिशिष्टात गेला होता. महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा सतराव्या घटनादुरुस्तीने त्याच परिशिष्टात गेला होता. या परिशिष्टातील कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयात आव्हान देता येऊ नये, अशी ती योजना होती. आता दुरुस्त्याच अवैध ठरल्या असत्या, तर ज्या कुळाचे नाव नुकतेच सातबारावर लागले होते त्याच्या पायाखालची जमीन पुन्हा हलली असती. न्यायालयाने तेवढा विचार केला. जुन्या दुरुस्त्या चालू राहतील, पण यापुढे तशा करता येणार नाहीत, असे त्याने सांगितले. कुळाचे नाव वाचले. संसदेचा हात मात्र बांधला गेला.

हा प्रश्न एकाएकी आकाशातून पडलेला नव्हता. १९५१ साली आणि पुन्हा १९६४ साली न्यायालयाने उलट निकाल दिला होता. १९६४ च्या सज्जनसिंग खटल्यात संसदेच्या अधिकाराच्या बाजूचे निकालपत्र सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिले. त्याच पीठावर न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर होते. त्यांनी शंका काढली की, घटनेची काही मूलभूत लक्षणे असतील तर ती बदलणे याला दुरुस्ती म्हणावयाचे की नवी घटना लिहिणे? एकाच पीठावरच्या दोन मराठी न्यायमूर्तींत हा मतभेद व्हावा आणि पुढे अर्धा शतकभर देशाने त्याच्याच भोवती फिरावे, ही गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदविली.

गोलकनाथ निकालानंतर त्रेचाळीस दिवसांनी, ११ एप्रिल १९६७ रोजी, सुब्बारावांनी सरन्यायाधीशपदाचा राजीनामा दिला आणि ते राष्ट्रपतिपदाचे उमेदवार झाले. स्वतंत्र पक्ष, जनसंघ आदी विरोधी पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला. काँग्रेसचे उमेदवार होते उपराष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन. आता हा सामना दोन व्यक्तींचा राहिला नाही. एका बाजूला घटनेचा एक विशिष्ट अर्थ लावणारा न्यायाधीशच उभा होता.

दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. एक बाजू म्हणत होती: न्यायाधीशाने पक्षांच्या पाठिंब्यावर निवडणुकीस उभे राहणे हे न्यायासनाला शोभत नाही. आज निकाल द्यावयाचा आणि उद्या त्या निकालाने सुखावलेल्या पक्षांचा उमेदवार व्हावयाचे, तर निकालाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील? शिवाय निवडणुकीबद्दल वाद निघालाच तर तो ७१ व्या कलमाप्रमाणे जाणार कोठे? सर्वोच्च न्यायालयातच, म्हणजे कालपर्यंतच्या सहकाऱ्यांपुढे. दुसरी बाजू म्हणत होती: घटनेचे १२४ वे कलम निवृत्त न्यायाधीशाला वकिली करण्यास मना करते, निवडणूक लढविण्यास मना करीत नाही. जे घटनेने वर्ज्य केले नाही ते तुम्ही कोणत्या आधाराने वर्ज्य ठरविता? आणि राष्ट्रपती जी शपथ घेतो तीत घटनेचे रक्षण करण्याचे वचन असते. तर ते रक्षण करण्यास न्यायाधीशाहून योग्य कोण?

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. ‘घटनेत लिहिलेले नाही म्हणून चालेल’ असे म्हणणारे पक्षच राष्ट्रपतीच्या अधिकाराबद्दल मात्र ‘घटनेत सल्ला बंधनकारक असल्याचे लिहिलेले नाही’ याच मौनाचा आधार घेत होते. आणि ‘लिहिलेले नसले तरी रूढी पाळा’ असे म्हणणारा सत्ताधारी पक्ष राजस्थानात रूढीच्या नावावर आपल्याला सोयीचे तेवढेच पाळीत होता. मौनाचा अर्थ ज्याला जेथे सोयीचा तेथे त्याने लावला. शिवाय सुब्बारावांमागे उभे राहिलेल्या पक्षांत जमीनधारणेच्या प्रश्नावर एकमत नव्हते. निकाल कोणाला आवडला होता, कोणाला नाही. त्यांना एकत्र आणले ते निकालाने नव्हे, काँग्रेसच्या विरोधाने.

या गलबल्यात एका माणसाने मात्र प्रश्न व्यक्तीपासून वेगळा काढला. घाट उतरून गेले की लागणाऱ्या राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅरिस्टर नाथ पै हे प्रजासमाजवादी पक्षाचे, म्हणजे विरोधी बाकांवरचे. त्यांनी त्याच एप्रिल महिन्यात लोकसभेत एक खाजगी विधेयक मांडले. मूलभूत हक्कांसह घटनेचे कोणतेही कलम दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे घटनेत स्पष्ट लिहावे, असा त्याचा आशय होता. निवडणुकीतील सोय पाहिली असती, तर विरोधी पक्षाच्या माणसाने त्या वेळी संसदेचे, पर्यायाने सरकारचे, हात बळकट करणारे विधेयक मांडले नसते. त्यांना वाटत होते की गरिबाच्या हिताची सुधारणा सहा विरुद्ध पाच मतांवर कायमची अडकून पडू नये. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली, पण ते संमत झाले नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै बेळगावात वारले. त्याच वर्षी चोविसावी घटनादुरुस्ती झाली आणि त्यांनी मागितलेली गोष्ट सरकारने आपली म्हणून घटनेत लिहिली.

६ मे १९६७ रोजी मतदान झाले. झाकिर हुसेनांना ४,७१,२४४ मते मिळाली, सुब्बारावांना ३,६३,९७१. अंतर एक लाख सात हजारांचे. भारताला पहिला मुसलमान राष्ट्रपती मिळाला, आणि तोही तोवरच्या सर्वांत चुरशीच्या लढतीतून. परंतु आम्हांस या निकालातील दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. सुब्बाराव हरले, म्हणून गोलकनाथ निकाल रद्द झाला नाही. झाकिर हुसेन जिंकले, म्हणून संसदेचा अधिकार परत आला नाही. निवडणुकीने माणूस ठरविला. अर्थ ठरविला नाही. अर्थ ठरण्यास १९७१ ची दुरुस्ती आणि २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती खटल्याचा निकाल यावा लागला. तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा मतांनी सांगितले की संसद कोणतेही कलम दुरुस्त करू शकते, परंतु घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. नाथ पैंचे अर्धे म्हणणे आणि मुधोळकरांची शंका, दोन्ही त्यात सामावली.

मधल्या काळात १९६९ ची निवडणूक होऊन गेली. झाकिर हुसेन ३ मे रोजी वारले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी आणि अपक्ष वराहगिरी व्यंकटगिरी यांच्यात पंतप्रधान इंदिरा गांधींचा पक्षच दुभंगला. पक्षादेश मोठा की सदसद्विवेकबुद्धी, हा त्या वेळचा घटनेचा प्रश्न होता. तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख: महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपदावर लाथ मारलेले. त्यांना जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांचा पाठिंबा होता. पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते त्यांना पडली. पहिल्या मोजणीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते नव्हती. दुसऱ्या पसंतीची मते वाटून गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. निकालाला आव्हान दिले गेले तेव्हा राष्ट्रपती गिरी स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्षीला उभे राहिले. अर्ज फेटाळला गेला, पण राष्ट्रपतीही साक्षीच्या पिंजऱ्यापासून उंच नाही, हे देशाने पाहिले.

आता १९७७ कडे वळू. मधल्या आणीबाणीत, १९७६ साली, काँग्रेस सरकारने बेचाळिसावी घटनादुरुस्ती केली. तिने राजेंद्रबाबूंच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले: राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याप्रमाणेच वागले पाहिजे, असे ७४ व्या कलमात शब्दांनी लिहिले गेले. ११ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद वारले आणि उपराष्ट्रपती बसाप्पा दानाप्पा जत्ती प्रभारी राष्ट्रपती झाले. जत्ती हे आपल्याला परके नव्हेत. जमखिंडी तालुक्यातील सावळगीचे, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले, कायद्याचा अभ्यासही कोल्हापुरातच केलेले. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना ते त्यांच्या हाताखाली उपमंत्री होते.

मार्चमध्ये जनता पक्ष निवडून आला आणि मोरारजी पंतप्रधान झाले. नवा राष्ट्रपती सहा महिन्यांच्या आत निवडावयाचा होता. परंतु उत्तरेकडील बहुतेक विधानसभा अद्याप काँग्रेसच्या हाती होत्या, म्हणजे मतदारमंडळाचा मोठा भागही. गृहमंत्री चरणसिंगांनी नऊ राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळविले की, लोकसभेत तुमचा धुव्वा उडाला आहे, आता विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला द्या. मुख्यमंत्र्यांनी नकार दिला आणि काही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. २९ एप्रिलला सात न्यायमूर्तींनी त्यांचे अर्ज एकमताने फेटाळले. मंत्रिमंडळाने ३५६ व्या कलमाखाली विसर्जनाचा सल्ला जत्तींना दिला. जत्तींनी सही लगेच केली नाही.

त्या थोड्या तासांत देशात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. १९६७ साली ज्यांनी स्वतंत्र बुद्धीचा राष्ट्रपती मागितला होता, त्यांतले अनेक आता जनता पक्षात होते. त्यांना राष्ट्रपतीने सल्ला निमूटपणे मानावा असे वाटत होते. आणि ज्या काँग्रेसने सल्ला बंधनकारक करणारी दुरुस्ती चार महिन्यांपूर्वीच अमलात आणली होती, तिला राष्ट्रपतीने तो मानू नये असे वाटत होते. दहा वर्षांत कलमे नव्हे, वाचणाऱ्यांच्या जागा बदलल्या होत्या. ३० एप्रिलला जत्तींनी सही केली. जूनमध्ये निवडणुका झाल्या. जुलैत संजीव रेड्डी, १९६९ चे पराभूत उमेदवार, राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवडले गेले.

फासे तेथेच थांबले नाहीत. १९८० च्या फेब्रुवारीत पुन्हा सत्तेवर आलेल्या इंदिरा गांधींच्या सरकारने तोच युक्तिवाद करून नऊ विधानसभा विसर्जित केल्या. त्यांत महाराष्ट्राची होती. शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार त्यात गेले. १९७७ साली ज्यांनी टाळ्या वाजविल्या होत्या, त्यांना तो युक्तिवाद आता घटनाद्रोह वाटू लागला.

हे सारे पाहून कोणी म्हणेल की घटनेचा अर्थ म्हणजे बळी तो कान पिळी, दुसरे काही नाही. आम्हांस तसे वाटत नाही. कारण प्रत्येक वादानंतर मागे काही तरी टिकाऊ राहिले. खऱ्यांच्या तक्रारीनंतर अकरावी दुरुस्ती राहिली. गोलकनाथनंतर मूलभूत चौकटीचा सिद्धांत राहिला. आणि १९७५ साली पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणाऱ्या दुरुस्तीचा तो भाग त्याच सिद्धांताने रद्द ठरविला. जत्तींच्या त्या घुटमळीनंतर, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याचा अधिकार दिला. १९९७ साली के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशच्या बाबतीत तो वापरला, आणि मंत्रिमंडळाने माघार घेतली. आणि १९९४ च्या बोम्मई निकालाने सांगितले की राष्ट्रपती राजवटीची घोषणा न्यायालय तपासू शकते, आणि सरकारचे बहुमत विधानसभेतच मोजले पाहिजे. आज कोठल्याही राज्यात सरकार पाडावयाचे झाले तर केंद्राला दहा वेळा विचार करावा लागतो, तो यामुळे.

ध्यानात घेण्याची गोष्ट ही की यांतले एकही उत्तर जिंकलेल्या उमेदवाराच्या मतांतून आले नाही. ती आली हरलेल्यांनी हार मानून पुन्हा न्यायालयाचे आणि संसदेचे दार ठोठावले म्हणून. सुब्बारावांनी निकाल मानला. नाथ पैंनी आपले विधेयक पडून राहिलेले पाहिले, पण सभागृह सोडले नाही. काँग्रेसच्या राज्यांनी न्यायालयाचा नकार मानला, आणि जनता पक्षाने पुढे १९८० चा घाव सोसला. घटना टिकली ती तिच्या शब्दांनी नव्हे, तर हरलेल्यांच्या या सोसण्याने.

तेव्हा पुढच्या वेळी राष्ट्रपतीच्या निवडणुकीत, किंवा दुसऱ्या कोठल्याही प्रसंगी, एखादा पक्ष घटनेतील एखाद्या कलमाचा अर्थ आपल्यासमोर ठासून मांडील, तेव्हा आपण त्याला एकच प्रश्न विचारावा: उद्या तुम्ही समोरच्या बाकांवर गेलात तरी याच कलमाचा हाच अर्थ मान्य कराल काय? नाथ पै यांनी विरोधी बाकावर बसून याला ‘होय’ म्हटले होते. असे म्हणणारे थोडे असतात. मजुरीच्या कराराच्या मेजावरही ते थोडेच असतात. पण करार टिकतो तो त्यांच्यामुळे, ही गोष्ट या गावाला कोणी शिकवावी लागत नाही.